पाच महिने मी विम्याशिवाय गाडी चालवत होते आणि मला ते ठाऊक नव्हते

मी सातारा येथील एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, मला गाडी चालवण्याचा पक्का परवाना मिळाला. पावसाळ्यात रात्रपाळीला दुचाकीवरून जाताना होणारे हाल थांबावेत, एवढ्याच हेतूने आम्ही घरी गाडी घेण्याचे ठरवले आणि त्यासाठी तीन लाख रुपयांची मर्यादा घालून घेतली. हात बसेपर्यंत जुनी, छोटी गाडी घ्यावी, असे ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सांगितले होते. तो सल्ला मला आजही योग्य वाटतो.

गाडी घेण्यापूर्वी मी माझ्या परीने अभ्यासही केला होता. आपल्याकडे विम्याचा हप्ता चालकाचा परवाना नवा की जुना यावर ठरत नाही, तो मुख्यतः गाडीवर ठरतो, हे मला कळले होते. थर्ड पार्टी विम्याचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचे, दर सरकार ठरवून देते आणि जून २०२२ पासून ते १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी वर्षाला २,०९४ रुपये, तर त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये असे आहेत, म्हणून ९९८ सीसीची पेट्रोल वॅगन-आर घ्यायची, इथपर्यंत माझा हिशेब चोख होता. हे आकडे मी वहीत लिहून ठेवले होते. तीच वही उघडून हातातल्या पॉलिसीशी ताडून पाहिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

पुण्यात महामार्गालगत असलेल्या एका शेडमध्ये आम्हाला २०१७ ची, रत्नागिरी पासिंगची वॅगन-आर दाखवण्यात आली. गाडी कोकणातल्या एका शिक्षकांची आहे, ती फारशी फिरलेलीच नाही, असे विक्रेत्याने सांगितले. रंग नवा वाटत होता, सीट कव्हर नवी होती आणि आतमध्ये सुगंधी द्रव्याचा घमघमाट होता. २,८५,००० वरून सौदा २,६०,००० रुपयांवर ठरला. त्यांपैकी दोन लाख रुपये मी बँकेतून पाठवले आणि साठ हजार त्याच्या आग्रहावरून रोख दिले. विम्याचे ९,५०० रुपये वेगळे, तेही रोख. त्या वेळचे त्याचे वाक्य माझ्या चांगले लक्षात आहे: “ताई, फर्स्ट पार्टी विमा आम्हीच काढून देतो, तुम्हाला इन्स्पेक्शनची कटकट नको.”

फर्स्ट पार्टी म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचीही भरपाई देणारा सर्वसमावेशक विमा. मला ती सोय वाटली. त्या वाक्याचा खरा अर्थ समजायला पाच महिने जावे लागले.

डिसेंबरमध्ये गाडी घरी आली आणि दोन दिवसांनी पॉलिसीची पीडीएफ मोबाइलवर आली. तिच्यावर माझे नाव, गाडीचा क्रमांक, चासी नंबर आणि इंजिन नंबर अचूक होते. आर.सी., म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर होण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर आमच्या सह्या घेतल्या होत्या, मूळ मालकाच्या सह्या त्यावर आधीपासूनच होत्या. “महिनाभरात नवे कार्ड येईल,” असे सांगण्यात आले. जानेवारीत माझ्या भाच्याने एमपरिवाहन या सरकारी ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहिला, तेव्हा विम्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली दिसत होती. मी लगेच फोन केला. “सर्व्हरवर यायला वेळ लागतो ताई, पॉलिसी तुमच्या हातात आहे ना?” या उत्तराने माझे समाधान झाले. आर.सी.बद्दल विचारले की आर.टी.ओ.त काम अडकले आहे, अमुक कर्मचारी रजेवर आहे, अशी कारणे मिळत राहिली.

मे २०२४ मध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे-पुढे घेताना मी ती खांबावर घातली. बंपर फाटला आणि डावा हेडलाइट फुटला. वर्कशॉपने १८ हजारांचा अंदाज दिला, म्हणून मी विमा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने पॉलिसी क्रमांक दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, “मॅडम, ही पॉलिसी दुचाकीची आहे, आणि ती तुमच्या नावावर नाही.”

त्या रात्री आम्ही तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. कोपऱ्यातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला, तर वेगळ्याच जिल्ह्यातल्या एका मोटारसायकलचा तपशील उघडला. थर्ड पार्टी हप्त्याच्या रकान्यात ७१४ रुपये छापलेले होते. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तो ठरलेला वार्षिक दर आहे. बनावट कागद करणाऱ्याने बाकी सगळे आकडे बदलले होते, एकूण रक्कमही मोटारीच्या हिशेबाने बरोबर बसवली होती, फक्त हा एक रकाना बदलायचा त्याच्याकडून राहून गेला होता. म्हणून रकान्यांची बेरीज छापील बेरजेपेक्षा १,३८० रुपयांनी कमी भरत होती. २,०९४ मधून ७१४ वजा केले की नेमके तेवढेच उरतात.

एवढा खटाटोप विक्रेत्याने कशासाठी केला, हा प्रश्न मला काही दिवस सुटत नव्हता, कारण नऊ हजार रुपयांसाठी बनावट दस्तऐवज करण्याचा धोका कोणी का पत्करील? त्याचे उत्तर वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी दिले. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि आपण रोज ओढतो तेवढ्यावर न थांबता पार शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटचा वीतभर पट्टा मातकट तपकिरी होता आणि त्याच्या विणीत वाळलेला बारीक गाळ बसलेला होता. मग त्यांनी सीट सरकवण्याच्या पट्ट्यांवरचा गंज दाखवला आणि डिकीतली स्टेपनी उचलली. स्टेपनीखालच्या खड्ड्याच्या कडेने तोच गाळ होता. “ही पुरात बुडालेली गाडी आहे,” ते म्हणाले. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबर देऊन सर्व्हिसची नोंद मागितली, तर नियमित नोंदी जुलै २०२१ पाशी थांबलेल्या निघाल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने रत्नागिरी जिल्ह्यातले चिपळूण बुडाले होते.

तेव्हा सगळे जुळले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आय.डी.व्ही.च्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल, तर विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्णपणे निकामी, धरते, मालकाला पैसे देते आणि बुडालेली गाडी भंगाराच्या भावाने लिलावात जाते. तिथून ती घेणारे काही लोक वायरिंग सुकवून, सीट बदलून आणि रंग मारून तीच गाडी पुन्हा बाजारात उभी करतात. अशा गाडीचा विमा मध्ये खंडित झालेला असतो आणि खंडित विमा नव्याने घेताना, त्यातही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा घेताना, कंपनी आधी गाडीची तपासणी करते. ही गाडी तपासणीला गेली असती तर पकडली जाण्याचा धोका होता. म्हणून विक्रेत्याला इन्स्पेक्शन नको होते, आणि खरा विमा नसल्यामुळेच आर.टी.ओ.त आर.सी.चे हस्तांतरणही पुढे सरकत नव्हते. गाडी वाईट आहे ही गोष्ट झाकण्यासाठी विम्याचा कागद खोटा केला होता. नव्याने गाडी घेणारा माणूस मायलेज पाहतो, रंग पाहतो, सीटची उंची पाहतो. मीही तेच पाहिले. या गाडीला विमा मिळेल का, हा प्रश्न मी विचारला असता, तर गाडीचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नातून बाहेर आला असता.

पैशांचे दुःख आहेच, पण मला अनेक रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. मी अपघात विभागात काम केले आहे. पाय गमावलेला तरुण आणि बाहेर बाकावर बसलेले त्याचे आईवडील मी पाहिलेले आहेत. पाच महिने मी, नवखी चालक, साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या गर्दीतून, शाळा सुटण्याच्या वेळी, भल्या पहाटे ही गाडी चालवत होते आणि माझ्या हातून कोणाला इजा झाली असती, तर त्या माणसाला भरपाई देणारी कोणतीही कंपनी माझ्या मागे नव्हती. विमा नसल्याचा पहिल्या वेळचा दंड दोन हजार रुपये आहे आणि लोक तेवढ्यावरच विचार थांबवतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवते, ती जखमी माणसाचे वय, उत्पन्न आणि अपंगत्व पाहून ठरते आणि विमा नसेल तर ती घरदार विकूनही द्यावी लागते. देता आली नाही, तर त्या जखमी माणसाच्या हाती काहीच पडत नाही.

त्याहून मनाला लागलेली गोष्ट म्हणजे आर.सी. अजून त्या शिक्षकांच्याच नावावर होती. गाडी विकली तरी आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईपुरता मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलेले आहे. माझ्या चुकीचा बोजा अशा एका माणसावर पडला असता, ज्याला मी कधी पाहिले नव्हते आणि ज्याची गाडी आधीच पुरात गेली होती.

म्हणून मी आर.सी.वरच्या पत्त्यावर पोस्टाने पत्र पाठवले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. विमा कंपनीने २०२१ मध्येच पैसे दिले, गाडी उचलून नेली आणि त्या वेळी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, तेव्हा प्रकरण संपले, असे त्यांनी गृहीत धरले होते. गाडी रस्त्यावर आहे आणि त्यांच्याच नावावर आहे, हे त्यांना माझ्याकडून कळले.

त्यानंतरची हकीगत थोडक्यात सांगते. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे असे ऐकावे लागले. बनावट पॉलिसी आणि ती आपली नसल्याचे विमा कंपनीचे पत्र, असे दोन्ही कागद समोर ठेवल्यावर तक्रार घेतली गेली. शेड तोवर रिकामी झाली होती. बँकेतून गेलेल्या दोन लाखांचा माग लागला, रोख दिलेल्या पैशांचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून पुण्यातल्या व्यवहाराची तक्रार मी साताऱ्यात दाखल केली आहे.

जे आता गाडी घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की विसार देण्यापूर्वीच चासी नंबर घेऊन स्वतः विमा कंपनीकडे जावे किंवा फोन करावा आणि सर्वसमावेशक विम्याचा दर लेखी मागावा. गाडीचा विमा खंडित झालेला असेल, तर पैसे देण्याआधी तपासणी करून घ्यावी आणि विक्रेता ती टाळत असेल, तर तिथून उठून यावे. हप्ता थेट कंपनीला, आपल्या खात्यातून भरावा. आलेल्या पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करावा, क्रमांक कंपनीला विचारावा आणि रकान्यांची बेरीज करून पाहावी. चालू पॉलिसी गाडीबरोबर मिळत असेल, तर ती १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावी, कारण थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तर आपल्याला मिळतच नाही. तो देतो असे कोणी म्हणाले, तर खोटे बोलण्याची सुरुवात तिथेच झाली असे समजावे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला १ एप्रिल २०२३ पासून आर.टी.ओ.चे प्राधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. ते दाखवा म्हणण्यात संकोच बाळगू नये. आणि ज्यांनी गाडी विकली आहे, त्यांनी आपले नाव नोंदीतून निघाले का, हे ॲपवर स्वतः पाहावे.

जुलैमध्ये ते शिक्षक सह्या करण्यासाठी चिपळूणहून स्वतः साताऱ्याला आले. तत्पूर्वी मी गाडीचा थर्ड पार्टी विमा काढला होता. तपासणीनंतर सर्वसमावेशक विमा देण्यास दोन कंपन्यांनी नकार दिला. आर.टी.ओ.च्या आवारात त्यांनी गाडी पाहिली, दार उघडले आणि काही न बोलता स्टीअरिंगवर तळहात आडवा ठेवला. “पाणी इथपर्यंत होतं,” ते म्हणाले.