पैशांतली स्मारक नाणी: प्रूफ घ्यावं की यूएनसी?

१९६९ ची गांधी शताब्दी, १९७० चं 'सर्वांसाठी अन्न', १९७९ चं बालक वर्ष. या निमित्तांनी निघालेली ५, १०, २० पैशांची नाणी तेव्हा बाजारात सर्रास फिरत होती. मुंबई टाकसाळीने संग्राहकांसाठी तीच प्रूफमध्येही, म्हणजे आरशासारख्या झळाळीच्या खास प्रतींत, काढली. आज विक्रेत्याकडे दोन्ही शेजारी दिसतात आणि प्रूफचा भाव बराच चढा असतो.

यूएनसी म्हणजे चलनात न गेलेलं नाणं. यंत्रातून भराभर पडून इतर नाण्यांबरोबर पोत्यात गेलेलं असल्याने बारीक ठोके त्यावर असायचेच. प्रूफसाठी ठसे आणि कोऱ्या चकत्या दोन्हींना पॉलिश करतात आणि छाप एकाहून जास्त वेळा मारतात. म्हणून पार्श्वभूमी आरशासारखी लख्ख होते आणि चित्र तिच्यावर उठून दिसतं.

माझं मत असं, की निर्णय धातू पाहून घ्यावा. १९६९ चे ५० पैसे आणि १ रुपया निकेलचे आहेत. निकेल कठीण, आरसा टिकवून धरतो. तिथे प्रूफच घ्या. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचे २० पैसेही प्रूफमध्ये फार देखणे. १९७० च्या नाण्यावरचं कमळ आणि सूर्य चलनी प्रतीत सपाट वाटतात, प्रूफमध्ये पाकळी न् पाकळी दिसते.

अ‍ॅल्युमिनियमच्या ५ आणि १० पैशांचं गणित उलटं आहे. धातू मऊ, त्यामुळे मऊ कापड एकदा फिरवलं तरी आरशावर केसासारखे ओरखडे उमटतात आणि ते कधीच जात नाहीत. सुटं विकायला आलेलं असं प्रूफ तिरक्या उजेडात धरून पाहा. ओरखडे असतील तर स्वच्छ यूएनसी नाणं त्याहून बरं, आणि स्वस्तही.

यूएनसीत आणखी एक मौज आहे. सालाखालची खूण पाहून टाकसाळ ओळखता येते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, कोलकात्याला खूणच नाही. एकाच नाण्याचा असा छोटा संच जमवता येतो.

तीच खूण फसवणूकही उघड करते. त्या काळच्या मुंबईच्या प्रूफवर 'बी' हे रोमन अक्षर असतं. प्रूफ म्हणून दाखवलेल्या चकचकीत नाण्यावर सालाखाली हिरा दिसला, तर ते घासून चमकवलेलं चलनी नाणं आहे. घासण्याने अक्षरांच्या कडाही गोलसर झालेल्या दिसतील. असं नाणं यूएनसीच्या भावातही घेऊ नका.

प्रूफ घेतलंच तर बोट फक्त काठाला लावा आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचे अल्बम टाळा. त्या प्लॅस्टिकमुळे काही वर्षांत नाण्यावर चिकट थर धरतो. कडक कॅप्सूल फार महाग नसते, ती नाण्याबरोबरच विकत घ्या.