लॉगबुक घेऊ नका म्हणाले, तिथेच थांबायला हवं होतं

परवा कॉलेजच्या एका ज्युनिअरने मला पोस्टर पाठवलं. मॉरिशस, पंचतारांकित हॉटेल, सहा महिने इंटर्नशिप, राहणं-खाणं फुकट, फक्त १२ जागा. ऑफिसचं नाव नवीन, पत्ता नवीन, पण खालचा मोबाइल नंबर मला तोंडपाठ असलेला, मला फसवलेल्या एजंटचा. "दादा, हे लोक बरे आहेत का?" एवढंच त्याने विचारलं होतं. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

मी वाळवा तालुक्यातला, हॉटेल मॅनेजमेंट पुण्यात केलं. आमच्याकडे एक अख्खं सेमिस्टर इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं असतं. आम्ही त्याला 'आयटी' म्हणतो, आणि गावाकडच्यांना वाटतं पोरगं कॉम्प्युटरला लागलं. किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग असं फिरायचं, रोज लॉगबुक लिहायचं, डिपार्टमेंटच्या हेडची सही घ्यायची आणि शेवटी हॉटेलचं सर्टिफिकेट. पुण्यात स्टायपेंड म्हणजे जेमतेम गाडीचं पेट्रोल. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीनंतर कोणी 'क्वालालंपूर, महिना १५०० रिंगिट' म्हटल्यावर मी लगेच गुणाकार केला. मलेशियाचे हे रिंगिट तेव्हाच्या दराने सव्वीस हजार रुपयांच्या वर जात होते.

एजंट स्वतः हॉटेल लाइनमधलाच माणूस होता, आणि त्यामुळेच मी फसलो. गुळगुळीत बोलणारा कोणी असता तर कदाचित संशय आला असता. याने मला बँक्वेटचं सेटअप विचारलं, बेड मेकिंगचे टप्पे विचारले, माझी एक चूकही दाखवली. मग 'हॉटेलच्या एचआर'बरोबर व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू. चार दिवसांनी क्वालालंपूरच्या बुकिट बिंतांग भागातल्या एका नावाजलेल्या हॉटेलच्या लेटरहेडवर ऑफर लेटर आलं. पत्रावर नंबर होता, त्यावर मी फोनही केला. बाईंनी हॉटेलचं नाव घेऊनच फोन उचलला. हॉटेलच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून तिथे लावावा हे काही सुचलं नाही. मेलचा पत्तासुद्धा साधा जीमेलचा होता आणि तोही मी पाहिला होता.

पैसे तीन हप्त्यांत गेले. रजिस्ट्रेशन १५ हजार, प्रोसेसिंग ७० हजार, तिकीट आणि इन्शुरन्स ४०. एकूण सव्वा लाख. उसाचं बिल यायचं होतं, म्हणून आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. सगळी रक्कम कुठल्याशा बाईच्या खासगी खात्यावर यूपीआयने. "कंपनीच्या खात्यावर टाकलंत तर तुम्हालाच जीएसटी पडेल," असं आमच्या भल्याचं कारण.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सातवी शिकलेले. पण त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही बरोबर होते.

पहिला, "व्हिसा कुठाय?" एजंट हसला. म्हणाला, १ डिसेंबरपासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा प्रवेश दिलाय, पास तिथे गेल्यावर होतो. यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी लगेच मोबाइलवर बातमी काढून आण्णांना दाखवली. म्हणजे त्याच्या वतीने घरच्यांची समजूत मीच घातली. तो प्रवेश फिरायला येणाऱ्यांसाठी आहे, हे त्याच बातमीत होतं. ट्रेनिंगसाठी प्रोफेशनल व्हिजिट पास नावाचा तात्पुरता परवाना लागतो, त्याचा अर्ज तिथल्या हॉटेलने करायचा असतो आणि मंजुरी आपण विमानात बसायच्या आधी यायला हवी.

दुसरा प्रश्न आखातात राहून आलेल्या गावातल्या एकाने आण्णांना शिकवला होता. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्यांची यादी दिसते, आणि असा एजंट सर्व्हिस चार्ज म्हणून ३० हजार अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. यावर एजंट म्हणाला, "काका, ते मजुरांसाठी. ही नोकरी नाही, इंटर्नशिप आहे." आण्णा गप्प बसले. पोराच्या शिक्षणातलं आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटलं असणार. पुढे दरवेळी हा शब्द असाच आडवा आला. पैसे घेताना नोकरीएवढे, राबवताना नोकरीपेक्षा जास्त, आणि कागदाची वेळ आली की इंटर्नशिप.

निघायच्या आदल्या रात्री आम्हा सात जणांचं 'ब्रीफिंग' झालं. कॉलेजचा ब्लेझर घालायचा नाही. शेफ कोट आणि काळे बूट चेक-इन बॅगेत तळाशी, वर टी-शर्ट आणि चड्ड्या. इमिग्रेशनवर 'टुरिस्ट, पाच दिवस' म्हणायचं. अरायव्हल कार्ड त्यांनीच भरलं होतं, परतीचं तिकीटही हातात दिलं. मी लॉगबुक काढून दाखवलं, कुठे ठेवू विचारायला. म्हणाले, "ते घेऊ नका, तिकडे सगळं डिजिटल आहे." ज्या वहीसाठी आयटी करायची ती वहीच मी पुण्यात रूममेटच्या टेबलावर ठेवून निघालो.

९ जानेवारीला उतरलो. शिक्का बसायला मिनिटही लागलं नाही. बाहेर व्हॅन उभी होती. ती बुकिट बिंतांगला न जाता चेरासला गेली, एका उंच इमारतीतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. 'पाससाठी' म्हणून पासपोर्ट तिथेच गोळा केले. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. हॉटेल नाहीच, भाड्याने दिले जाणारे सर्व्हिस अपार्टमेंट साफ करायचे. जोडीने दिवसाला अकरा फ्लॅट. बाथरूमच्या केमिकलला हातमोजे मागितले तर एकाला एक जोडी, महिनाभर पुरवायची. माझ्या उजव्या हाताची कातडी आठवड्यात सोलवटली. सर्व्हिस नाही, फ्रंट ऑफिस नाही, किचन तर आमचा भात शिजायचा तेवढंच.

माझ्या जोडीला एक नेपाळी दादा होता, आठ वर्षं तिथे काढलेला. एकदा चादरीची टोकं खोचता खोचता त्याने विचारलं, "तुम्हारा परमिट?" मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. त्याने खिशातून मोबाइल काढून स्वतःच्या पासपोर्टमधल्या स्टिकरचा फोटो दाखवला. "ये घर पे आया था, आने के पहले." मग चादर ओढत म्हणाला, "रेड पड़ी तो लिफ्ट से मत भागना, वो नीचे ही खड़े रहते हैं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुटीच्या दिवशी आमच्या सातातला एक आणि मी ऑफर लेटर घेऊन त्या खऱ्या हॉटेलात गेलो. ड्यूटी मॅनेजरने बसवून पाणी दिलं, पत्र आत नेलं, दहा मिनिटांनी परत आणून दिलं. असं पत्र त्यांच्याकडून निघालेलंच नव्हतं, आणि इंटर्नकडून ते कधीच पैसे घेत नाहीत म्हणाले. लॉबीत बेल डेस्कला आमच्याच वयाचा एक ट्रेनी उभा होता, कोटावर नावाची पट्टी. त्याच्याकडे बघायचं टाळत बाहेर पडलो.

तीस दिवस भरत आल्यावर पुण्याहून एजंटचा फोन आला, बसने थायलंडमध्ये हाट याईला जा, परत या, नवे तीस दिवस मिळतील. तेव्हा मी ठरवलं, घरी जायचं. पासपोर्ट मागितला तर देत नव्हते. तिथे प्रीपेड सिम घ्यायला पासपोर्ट लागतो, म्हणून माझं सिम बंद पडलंय असं सांगून दोन तासांसाठी मिळवला आणि परत दिलाच नाही. परतीच्या तिकिटाचा पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकला तर बुकिंगच नाही. आण्णांनी १६ हजारांचं तिकीट काढलं. २७ व्या दिवशी मी मुंबईत उतरलो. पगार म्हणून मिळाले होते ३०० रिंगिट.

कॉलेजने त्या साफसफाई कंपनीचं पत्र आयटीसाठी धरलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सेमिस्टर गेलं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "नोकरी होती का ट्रेनिंग?" दुसरा, "तिथे टुरिस्ट आहे असं तूच सांगितलंस ना?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. ज्यांना हे आत्ता घडतंय त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सॅप चॅट आधी स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. आमच्या सातातल्या दोघांनी भांडणाच्या रागात चॅट उडवले आणि हात चोळत बसले. पैसे गेल्या गेल्या लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मला ते फार उशिरा कळलं.

आण्णांनी एजंटच्या ऑफिसात दोन दिवस ठिय्या मारल्यावर त्याने ३०-३० हजारांचे दोन चेक दिले. पहिला वटला. दुसरा परत आला, आणि गंमत म्हणजे सगळ्या प्रकरणात आमच्या हातात पक्कं असं तेवढंच लागलं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्याला पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात. इथे इंटर्नशिप का नोकरी असं कोणी विचारत नाही.

आयटी मी नंतर पुण्यातच पूर्ण केली, लॉगबुकसकट. केस इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) चालू आहे. मागच्या तारखेला त्याच्या वकिलाने वीस हजारांवर मिटवायचं विचारलं. आण्णा म्हणतात, घे आणि सोडून दे. आई म्हणते, पाटल्यांचं व्याज तरी धर. मी अजून हो म्हटलेलं नाही.