रिले दिसत होता, पण जोडलेला नव्हता

नारायणगावचा टोमॅटो घेऊन मी स्वतःच्या पिकअपने माळशेज घाटातून कल्याणला जातो. पावसाळ्यात घाटात धुकं दाटलं की पुढचं वळण दिसत नाही, आणि क्रेट भरायला रात्री शेतातल्या कच्च्या वाटेने जावं लागतं. म्हणून जूनमध्ये 55 वॉटचे दोन हॅलोजन दिवे जादा बसवून घेतले. दुकानदाराला एवढंच बजावलं होतं, की चावी काढली की दिवे बंद व्हायला हवेत. नाहीतर एखादे दिवशी चालू राहायचे आणि सकाळी बॅटरी बसलेली. "चावीवरच घेतो दादा, रिले-फ्यूजसकट," तो म्हणाला. 4,800 रुपये घेतले आणि बॅटरीशेजारी स्क्रूने आवळलेला काळा रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बोट ठेवून दाखवला.

पंधरा दिवसांत पावसात वायपर आणि हे दिवे एकदमच बंद पडले. फ्यूज उडाला होता. "हा फ्यूज हलका पडतो," म्हणत त्याने 15 अँपिअरचा काढून 30चा घातला. जादा दिव्यांचा वायपरच्या फ्यूजशी काय संबंध, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात रात्री अडीच वाजता घाटात डॅशबोर्डखालून जळका वास आला, मागोमाग धूर. वायपर थांबले. पाऊस धो धो, काचेतून काही दिसेना, शेजारी सोळा वर्षांचा पुतण्या. अंदाजाने गाडी कडेला घेतली, चावी काढली, पोराला खाली उतरवलं आणि पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं. उजाडेपर्यंत तसेच भिजत उभे राहिलो. पोराचे हात थरथरत होते, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ओतूरच्या वायरिंगवाल्याने टेप सोलली. रिलेच्या वायरी दोन इंचांवर कापून टेपखाली दडपलेल्या होत्या. दिव्यांचा सगळा भार वायपरच्या चावीवरच्या वायरीला पीळ मारून जोडला होता. दोन दिवे म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर, शिवाय वायपरचा भार वेगळा. 15चा फ्यूज उडत होता तो गाडी वाचवण्यासाठी. 30चा घातल्यावर फ्यूज टिकला आणि वायर वितळली.

चावीवरून रिलेला फक्त इशारा द्यायचा असतो, पाव अँपिअरहूनही कमी. स्विचमधून आलेली ती वायर रिलेच्या 86 नंबरच्या पिनवर, 85 नंबरची पिन अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. दिव्यांचा करंट थेट बॅटरीवरून जाड वायरीने 30 नंबरच्या पिनवर येतो आणि 87 मधून दिव्यांकडे जातो. या वायरीला बॅटरीच्या अगदी जवळ स्वतंत्र 15 अँपिअरचा फ्यूज हवाच.

वायरिंग बदलायला 6,500 रुपये गेले. दुकानदार म्हणाला, "तुम्ही गाडी धुताना पाणी गेलं असेल." माझ्याकडच्या चिठ्ठीवर नुसतं 'लाइट फिटिंग' लिहिलेलं. रिले-फ्यूजचा उल्लेखच नाही, तर भांडणार कशावर? बिलात एकेक वस्तू लिहून घ्या.

आणि पैसे देण्याआधी दिवे लावून रिले उपसून बघा. दिवे विझले पाहिजेत. परवा आमच्या वाडीतल्या एकाची गाडी अशीच तपासली, त्याच दुकानात काम केलेली. रिले माझ्या हातात होता आणि दोन्ही दिवे जळत होते.