रामबागेतलं घर की महूकडचं शेत?

भाच्याने पुण्यातली नोकरी सोडायचं पक्कं केलंय. अडलंय एवढंच: इंदूरला आमच्या रामबागेतल्या वरच्या दोन खोल्यांत राहायचं, की महूच्या पुढे मित्राच्या शेतावर घर बांधायचं? 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे जाहिराती बाजूला ठेवून त्यालाच सांगतो.

आधी खर्च. भाडं दोन्हीकडे नाही. रामबागेत पावसाळ्याआधी गच्चीची डागडुजी केली की झालं. शेतावर मात्र माळव्याची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि भिंतींनाही सोबत घेते. माझ्या साडूने घराच्या पायात पैसे वाचवले. तिसऱ्या वर्षी दाराची चौकट इतकी तिरकी झाली की कडी लागेना.

पाणी? शहरात जलूदहून येणारं नर्मदेचं, आमच्याकडे दिवसाआड. शेतावर बोअर, आणि मे महिन्यात त्याचा भरवसा नाही.

रामबागेतून राजवाड्याचा बाजार पायी गाठता येतो, गाडी विकली तरी चालेल. शेतावर कोथिंबिरीच्या जुडीसाठीही पेट्रोल जाळायचं. साधेपणा तिथे महाग पडतो बघ.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. राजीनाम्याआधी स्वतःचा घे, कुठेही राहिलास तरी.

कमी पैशांत मोकळा वेळ हवा असेल, तर रामबाग. शेजारच्या काकू रोज 'आज सुट्टी का रे?' विचारतील, तेवढं सोसायचं. मातीत हात घालायचेच असतील आणि दोन वर्षं कमाईविना निभावण्याइतकी शिल्लक असेल, तर शेत. पण आधी एक अख्खा मे तिथे काढ.