हतनूरला गळ की पालचं जंगल?

भाच्याला हिवाळ्यात दोन दिवस सुट्टी आहे. कुठं जावं, ठरत नाही.

खर्चात हतनूर धरण स्वस्त. भुसावळहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. गळ, दोरी, कणकेच्या गोळ्या, झालं. मात्र धरणात मासेमारीचा ठेका असतो, आधी विचारून घ्यावं. मासा नाही लागला तरी तापीच्या फुगवट्यावर परदेशी बदकं दिसतात, म्हणून दुर्बीण न्यावीच.

पाल म्हणजे सातपुड्यातलं यावल अभयारण्य. गाडी, मुक्काम, वनखात्याची परवानगी, सगळंच वाढतं. वाघाची आशा नकोच. पाऊलखुणा, पक्षी बघायचे. तिथं सुकी नावाची नदी दिसली तरी गळ घरीच बरा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात शिकारीला बंदी आहे.

पोरंबाळं सोबत असतील तर हतनूर. पायपीट आणि गप्प बसणं जमत असेल, तर पाल.