दांडिया बाजारातील प्राणायामाचा वर्ग : तीन महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी वडोदऱ्यातल्याच एका मोठ्या योगवर्गात नाव घातले होते. तिथे साठ-सत्तर माणसांकडून ध्वनिक्षेपकाच्या तालावर कपालभाती, म्हणजे पोटाच्या झटक्यांनी भराभर श्वास सोडण्याची क्रिया, करून घेत असत आणि आवर्तनांचा आकडा रोज वाढलाच पाहिजे असा आग्रह असे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे हे मी नोंदणीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिले होते, पण त्याबद्दल मला कोणी एका शब्दाने विचारले नाही. चौथ्या दिवशी डोळ्यांसमोर अंधारी आली आणि हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मी तसे सांगितले, तेव्हा शरीरातली घाण बाहेर पडते आहे, थांबू नका, असे उत्तर मिळाले. मी थांबले, आणि प्राणायाम आपल्यासाठी नाही अशी मनाची समजूत घालून घरी बसले. ती समजूत दांडिया बाजारातल्या एका लहानशा वर्गाने पुसून टाकली. तिथे आता पूर्ण तीन महिने झाले असल्याने त्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

हा वर्ग मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, सकाळी सहा ते सात या वेळात, रविवार सोडून रोज भरतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत आणि मला काकू म्हणतात. वर्गात निम्मी माणसे मराठी, निम्मी गुजराती, त्यामुळे सूचनाही दोन्ही भाषांत मिसळून येतात. ‘शांतिथी, उतावळ नहि’ (शांतपणे, घाई नको) हे त्यांचे वाक्य आता आमच्या घरातही रूढ झाले आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच करायला सांगितले नाही. दहा मिनिटे नुसते बसवले आणि मला कळू न देता माझे श्वास मोजले. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, माझे १९ भरले. मग त्यांनी देवघरातली एक फुलवात चिमटीत धरून माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर आणली आणि म्हणाल्या, “काकू, आधी श्वास सोडा. घेणं आपोआप होईल. फक्त ही वात हलू देऊ नका.” वात हलली. कापसाचे टोक प्रत्येक उच्छ्वासाच्या सुरुवातीला झटका बसल्यासारखे उडत होते आणि शेवटी श्वास संपून गेल्यावर निश्चल होत होते. माझा सगळा श्वास पहिल्या क्षणातच ढकलून दिला जातो आणि उरलेला वेळ मी रिकामीच असते, हे ६१ वर्षांच्या आयुष्यात मला त्या वातीने पहिल्यांदा दाखवले. पुढचे बारा दिवस आम्ही तेवढेच केले. पूरक (श्वास घेणे) नाही, कुंभक (श्वास रोखणे) नाही, फक्त रेचक, म्हणजे श्वास सोडणे. बाराव्या दिवशी वातीचे टोक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच, जेमतेम थरथरत राहिले, आणि ताईंनी ती वात मला घरी न्यायला दिली.

इतका वेळ एकाच गोष्टीवर घालवणे काहींना कंटाळवाणे वाटते. माझ्याबरोबर आलेल्या पाच जणांपैकी दोघे दुसऱ्या आठवड्यातच गळले. पण या संथपणामागे कारण आहे, आणि ताई ते कारण नीट समजावून देतात, हा या वर्गाचा मला सर्वांत भावलेला गुण आहे. जोरजोराने श्वास घेतल्याने अधिक ऑक्सिजन मिळतो असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात निरोगी माणसाचे रक्त स्वस्थ बसलेले असतानाही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेलेच असते, त्यात भर घालण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. गरजेपेक्षा जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने कमी होतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि भोवळ येते, बोटांना मुंग्या येतात. म्हणजे मला आधीच्या वर्गात जे झाले ते कसल्याही शुद्धीचे लक्षण नव्हते. शिवाय हठयोगात कपालभातीची गणना धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौली यांच्याबरोबर षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत होते, प्राणायामात नव्हे. उच्च रक्तदाब, हर्निया, गर्भारपण किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर ती टाळायची असते. ताई मला ती आजही करू देत नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

उलट सावकाश सोडलेल्या श्वासाचे काय होते, हे त्यांनी आम्हाला मनगटावर बोटे ठेवून अनुभवायला लावले. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नर्व्हचा प्रभाव उच्छ्वासात वाढतो म्हणून असे घडते. वयाबरोबर हा फरक कमी होत जातो. माझ्या मनगटावर मला तो मुश्किलीने जाणवला, पण शेजारी बसणाऱ्या महाविद्यालयीन मुलीने आपला हात पुढे केला तेव्हा तिची नाडी उच्छ्वासाबरोबर अक्षरशः रेंगाळताना माझ्या बोटांना लागली. ‘रेचक पूरकाच्या दुप्पट’ हे प्रमाण पाठ करून मला जे समजले नसते, ते त्या अर्ध्या मिनिटात समजले.

दुसऱ्या महिन्यात अनुलोम-विलोम, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटूनपालटून श्वास घेणे-सोडणे, सुरू झाला. तर्जनी आणि मध्यमा मिटून, अंगठ्याने उजवी आणि अनामिका-करंगळीने डावी नाकपुडी बंद करायची ही पद्धत बहुतेकांना ठाऊक असते, पण बोटाने नाक चिमटायचे नाही, नाकाच्या हाडाच्या खालच्या मऊ भागावर नुसते टेकवायचे, हे मला इथेच कोणीतरी बोट धरून शिकवले. तिसऱ्या महिन्यात भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे, आली. पावसाळ्यात अर्ध्या वर्गाची नाके चोंदली तेव्हा जलनेतीचा, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, एक वेगळा पाठ झाला. त्यासाठी पाणी उकळून कोमट केलेलेच हवे आणि मीठ लिटरला सुमारे ९ ग्रॅम हवे, कारण रक्तातल्या क्षारतेशी ते जुळते आणि नाक झोंबत नाही. ताईंनी मीठ अंदाजाने टाकले नाही, स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर तोलून टाकले. कुंभक मात्र अजून आलेला नाही. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच श्वासही हळूहळूच वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असे हठयोगाच्या परंपरेत स्पष्ट बजावलेले आहे. ते वचन नुसते ऐकवणारे पुष्कळ भेटतात. त्याप्रमाणे वेळापत्रक आखणारा वर्ग मी हा पहिलाच पाहिला.

या शिस्तीचे मूळ आपल्याच मातीत आहे, हे इथल्या मराठी माणसांनी लक्षात ठेवावे असे मला फार वाटते. स्वामी कुवलयानंदांचा, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांचा, जन्म १८८३ मध्ये इथून जवळच्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरशिक्षण घेतले, आणि १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योग. पण गुरूने सांगितले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या व फिरवण्याच्या क्रियांचे परिणाम तपासून पाहिले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली. ताई श्वास मोजतात, मीठ तोलतात, नाडी पाहायला लावतात, तेव्हा मला याच वाटेची आठवण होते.

आता उणिवा. शेवटची पंधरा मिनिटे ध्यानाची असतात आणि तो भाग मला सर्वांत कच्चा वाटला. मोबाइलवर बासरीची ध्वनिफीत लावली जाते, तीच रोज, आणि मध्येच कोणाचा तरी सूचक आवाज ‘समुद्रकिनारी आहात’ असे सांगतो. पाऊण तास ज्या शांततेची तयारी केली, ती त्या आवाजाने मोडते. याच शहरात जानेवारी १९०८ मध्ये योगी विष्णू भास्कर लेले यांनी श्रीअरविंदांना तीन दिवस एका खोलीत सोबत बसवून, विचार बाहेरून येताना पाहावेत आणि आत शिरण्याआधीच परतवावेत, एवढीच सूचना दिली होती, आणि तेवढ्याने त्यांचे मन निःशब्द झाले असे श्रीअरविंदांनी स्वतः नमूद केले आहे. आमच्यासारख्यांकडून तसल्या अनुभवाची अपेक्षा नाही, पण पद्धत तरी तितकी साधी असावी. मी ताईंना हे दोनदा सांगितले. शनिवारी ध्वनिफीत बंद ठेवायला त्या तयार झाल्या आणि तो एक दिवस मला आठवड्यातला सर्वांत चांगला वाटतो.

दुसरी अडचण गर्दीची. मी आले तेव्हा आम्ही चौदा जण होतो, योगदिनानंतर सत्तावीस झालो, आणि प्रत्येकाच्या नाकासमोर वात धरणे ताईंना एकटीला आता जमत नाही. एखादी मदतनीस घेतली नाही तर या वर्गाचा जो विशेष आहे तोच हरवेल, ही माझी खरीखुरी काळजी आहे. लाकडी जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी येऊन तो चढून पाहावा. वर खुर्च्या मिळतात आणि खुर्चीवर बसणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही.

शुल्क महिन्याला ९०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरल्यास २,४०० रुपये. मिळणाऱ्या लक्षाच्या मानाने ते मला रास्त वाटते, मात्र मध्येच सोडल्यास पैसे परत मिळत नाहीत, म्हणून सुरुवातीला एकाच महिन्याचे भरावेत.

रक्तदाब उतरला का, असे मला सगळे विचारतात. माझी गोळी तीच आहे, तिची मात्राही तीच आहे, आणि ती बदलणे हे माझ्या डॉक्टरांचे काम आहे. ताईंनीही पहिल्याच दिवशी हे बजावून सांगितले होते. बदलले ते एवढेच की रात्री अंथरुणावर तासभर कूस बदलत पडावे लागत नाही, आणि गेल्या आठवड्यात ताईंनी पुन्हा मला न कळत मोजले तेव्हा श्वास मिनिटाला ११ भरले. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे मी भरले आहेत.

नवी तुकडी दर महिन्याच्या १ तारखेला सुरू होते आणि पहिले तीन दिवस विनाशुल्क बसून पाहता येते. येताना पोट रिकामे असावे, आणि सोबत एक चादर व एक फुलवात आणावी.