रेडिओ जोडणीचा इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर: वापरून काय वाटलं

अणुवीज केंद्रात शटडाउनच्या कामांवर विकिरण सुरक्षा बघणं हे माझं काम. टीएलडी बॅज, म्हणजे शरीराला लागलेलं विकिरण (डोस) नोंदवणारा बिल्ला, प्रत्येकाच्या छातीवर असतोच, पण तो लागून गेलेला डोस सांगतो, तोही प्रयोगशाळेत तापवून वाचल्यावर. हा डोसिमीटर त्या क्षणाचा डोस रेट, म्हणजे डोस किती वेगाने लागतोय ते, दाखवतो आणि तोच आकडा बाहेर माझ्या स्क्रीनवरही येतो. त्यामुळे मोजणीसाठी कुणाला कामगारांजवळ उभं राहावं लागत नाही.

खरा फायदा दिसतो तो नुसतं थांबून राहणाऱ्यांना. व्हॉल्व्ह उघडताना एकाचे हात चालतात, बाकीचे टॉर्च धरून किंवा पाना द्यायला उभे असतात. कठीण मिश्रधातूंच्या झिजेतून सुटलेलं कोबाल्ट अणुभट्टीच्या गाभ्यात न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी, पाइपच्या वळणात साचतं. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे ते लवकर ओसरणारं नाही. आकडा चढला की मी हेडसेटवर सांगते, "दादा, मागे सरका, खांबाच्या आड या." अशा साचलेल्या लहानशा जागेपासून (हॉटस्पॉटपासून) १ मीटरऐवजी २ मीटरवर गेलं की डोस रेट साधारण चौथाईवर येतो. हे त्यांना स्वतःच्या छातीवर दिसतं, मग पुढच्या वेळी ते आपणहून सरकतात. वर्षानुवर्षं प्रशिक्षणात सांगून हे इतकं पटलं नव्हतं.

उणिवाही आहेत. जाड काँक्रीटच्या भिंतींमागे सिग्नल तुटतो, सिग्नल पुढे पोचवणारे रिपीटर आधीच लावून ठेवावे लागतात. छातीवरचं यंत्र बोटांचा डोस सांगत नाही, त्यासाठी अंगठीतला टीएलडी हवाच. स्पंदित क्ष-किरणांत काही मॉडेल्स कमी आकडा दाखवतात.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार कामगाराच्या डोसची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. स्क्रीनवर आकडा कमी दिसला की काही पर्यवेक्षक म्हणतात, "याचा अजून शिल्लक आहे, आत पाठवा." डोस हा वापरून संपवायचा कोटा नाही. अलार्म त्या कामाच्या नियोजित डोसवर लावा, वार्षिक मर्यादेवर नव्हे.

घेण्याआधी तुमच्याकडच्या सर्वांत गोंगाटाच्या पंपरूममध्ये, मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून चाचणी मागा. नुसता आवाज करणारा अलार्म तिथे ऐकू येत नाही. कंपन आणि दिवा असलेलंच मॉडेल घ्या.